पबपासून उलटे मोजा : नॅरोबोटीतून कालव्याकाठच्या जुन्या पबमध्ये जाण्याची रीत

मोटारीच्या नकाशावर स्टोक ब्रूर्न ते ब्रॉनस्टन हे अंतर पाऊण तासात संपते. नॅरोबोटीतून, म्हणजे कालव्यांसाठी बांधलेल्या अरुंद, लांब बोटीतून, तेच अंतर कापायला जवळजवळ दहा तास लागतात, आणि ते दहा तास एका दिवसात कोंबायचे नसतात. इंग्लंडमध्ये राहणारी किंवा उन्हाळ्यात इकडे येणारी ओळखीची मराठी मंडळी आठवड्यासाठी बोट भाड्याने घेतात, कालव्याकाठच्या जुन्या पबची लांबलचक यादी करतात आणि तिसऱ्या दिवशी फोनवर सांगतात की अजून एकाही पबमध्ये गरम जेवण मिळालेले नाही. प्रत्येकाची हकिगत थोडी वेगळी असली तरी चूक एकच असते. आधी मार्ग ठरवला जातो आणि वाटेत जे पब येतील ते पदरात पाडून घ्यायचे असा बेत असतो. रीत याच्या अगदी उलट आहे. आधी पब, त्याच्या स्वयंपाकघराची वेळ आणि त्याच्या आसपास बोट बांधायची जागा ठरवावी, आणि तिथून मागे मोजत मोजत सकाळी किती वाजता निघायचे ते काढावे.

या लेखात उदाहरणासाठी एकच मार्ग घेतला आहे, म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर राहील. नॉर्थॅम्प्टनशरमधल्या स्टोक ब्रूर्नचा ‘बोट इन’, ब्रॉनस्टनच्या तिसऱ्या लॉकशेजारचा (लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलणारी, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली कोठी) ‘ॲडमिरल नेल्सन’ आणि कॉव्हेंट्रीच्या उत्तरेला हॉक्सबरी जंक्शनवरचा ‘ग्रेहाउंड’ हे ते तीन पब. पहिले दोन ग्रँड युनियन कालव्यावर आहेत. तिसऱ्याकडे ऑक्सफर्ड कालव्याने जावे लागते. या परिसरात भाड्याच्या बोटी मिळतात आणि पहिल्यांदाच टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, हातात घेणाऱ्यालाही हा मार्ग झेपतो.

टप्पा १ : पब निवडणे आणि फोन करणे

संकेतस्थळावर पबची वेळ ‘दुपारी १२ ते रात्री ११’ अशी दिसली की लोक निश्चिंत होतात. ती वेळ बिअरची असते, जेवणाची नव्हे. अनेक पबचे स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या सुमारास बंद होऊन संध्याकाळी सहाला पुन्हा उघडते आणि रात्री साडेआठ-नऊला शेवटची ऑर्डर घेते. रविवारी दुपारी ‘संडे रोस्ट’ची गर्दी असते आणि त्यानंतर संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी चूल पेटतच नाही. सोमवारी किंवा मंगळवारी पूर्ण सुट्टी घेणारेही पब आहेत, आणि हिवाळ्यात तर हे सगळे वेळापत्रकच बदलते.

एका रविवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही सहा जण एका पबच्या दारात उभे राहिलो. आत दिवे लागलेले, शेकोटी पेटलेली आणि माणसेही भरपूर होती. स्वयंपाकघर मात्र पाच वाजताच बंद झाले होते. त्या रात्री बोटीवर भडंग आणि केळी खाल्ली. पबचा काहीच दोष नव्हता, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक पबला फोन करावा आणि पाच गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात. ठरलेल्या तारखेला जेवणाची शेवटची ऑर्डर किती वाजता घेतली जाते? आपल्या संख्येसाठी टेबल राखून ठेवावे लागेल का? पबसमोर बोट बांधायची जागा पबची आहे की सार्वजनिक? मुलांना कोणत्या खोलीत आणि किती वाजेपर्यंत बसता येते? शाकाहारी पदार्थ कोणते आहेत? सहा किंवा अधिक माणसे असतील तर टेबलाबद्दल विचारत बसू नये, सरळ राखूनच ठेवावे. या पबच्या खोल्या लहान असतात आणि आठ जणांचे कुटुंब एकदम आत शिरले तर नेहमीच्या गिऱ्हाइकांना बसायला जागा उरत नाही.

ज्यांना इमारतीच्या आतला जुनेपणा पाहायचा असेल त्यांनी आणखी एक चौकशी करावी. बाहेरून दोनशे वर्षांचा दिसणारा पब आतून गेल्या दहा वर्षांतला असू शकतो. १९७१ साली स्थापन झालेली ‘कॅम्रा’ ही बिअरप्रेमींची संघटना जुन्या अंतर्भागाच्या पबची सूची ठेवते. ती निघण्यापूर्वी एकदा चाळावी.

*तपासणी : प्रत्येक पबच्या नावापुढे शेवटच्या ऑर्डरची वेळ आणि जवळच्या पुलाचा क्रमांक लिहिलेला आहे का? कालव्यावर पत्ता म्हणजे पुलाचा किंवा लॉकचा क्रमांक. पोस्टकोडचा उपयोग बोट चालवताना होत नाही.*

टप्पा २ : वेळेचा हिशेब

कालव्यावरची वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे. प्रत्यक्षात ३ मैल पडले तरी पुष्कळ झाले, कारण काठाला बांधलेल्या प्रत्येक बोटीजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावे लागते. एक लॉक पार करायला साधारण १५ ते २० मिनिटे जातात. बोटवाल्यांचा जुना ठोकताळा असा की मैल आणि लॉक यांची बेरीज करावी आणि तिला तीनने भागावे. जे उत्तर येईल तितके तास.

आता उदाहरण घेऊ. स्टोक ब्रूर्नच्या वरच्या लॉकपासून बकबीच्या खालच्या लॉकपर्यंत सुमारे १५ मैलांत एकही लॉक नाही. पुढे सव्वा-दीड मैलात बकबीची ७ लॉक चढायची आहेत. बेरीज तेविसाच्या आसपास जाते, म्हणजे पावणेआठ तास. तिथून नॉर्टन जंक्शनमार्गे, ब्रॉनस्टनच्या बोगद्यातून, ‘ॲडमिरल नेल्सन’पर्यंत सुमारे ४ मैल आणि उतरतीची ३ लॉक, म्हणजे आणखी सव्वादोन-अडीच तास. नवख्या मंडळींनी या दोन्ही आकड्यांत चौथा हिस्सा मिळवावा. शिवाय टाकीत पाणी भरायला अर्धा-पाऊण तास आणि लॉकसमोर रांग असल्यास तिचा वेळ वेगळा धरावा.

अशा हिशेबातून पुढचा बेत आपोआप ठरतो. पहिल्या दिवशी स्टोक ब्रूर्नहून सकाळी निघून वीडनच्या आसपास किंवा बकबीच्या पायथ्याशी मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी ताज्या दमाने बकबी चढून दुपारी तीनच्या आत ब्रॉनस्टनला पोहोचावे. तीनच का? जेवायला सात वाजता बसायचे असले तरी जुलै-ऑगस्टमध्ये प्रसिद्ध पबजवळच्या जागा दुपारीच भरतात. पाच वाजता येणाऱ्याला अर्धा मैल पुढे किंवा मागे जागा शोधावी लागते, आणि पुढे लॉक असेल तर हा अर्धा मैल फार महाग पडतो.

ब्रॉनस्टन ते हॉक्सबरी हे अंतर सुमारे २३ मैल आहे. वाटेत हिलमॉर्टनची ३ लॉक आणि शेवटी एक स्टॉप लॉक, म्हणजे पातळी जेमतेम बदलणारे लॉक, लागते. २७ भागिले ३, म्हणजे नऊ तास. रग्बीला मुक्काम करून तेही दोन दिवसांत वाटून घ्यावे.

परतीचा हिशेब विसरू नये. ५७ फुटांची बोट कालव्यात वाटेल तिथे वळत नाही. त्यासाठी ठरावीक रुंद जागा असतात आणि त्या नकाशावर दाखवलेल्या असतात. अशा जागेला विंडिंग होल म्हणतात. उच्चार वाऱ्याच्या ‘विंड’सारखा करावा, नाहीतर काठावरचे म्हातारे हमखास दुरुस्त करतात. आपल्या बोटीची लांबी तिथे मावते का, हे नकाशात आधी पाहून ठेवावे. पब मागे राहिला म्हणून उलट चालत जाणे हा पर्याय नव्हे, कारण मागे जाताना नॅरोबोट सुकाणूला जुमानत नाही.

*सावधान : कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे २,००० मैल जलमार्गांची देखभाल करते आणि बंद असलेल्या लॉकच्या सूचना प्रसिद्ध करते. मोठ्या दुरुस्त्या बहुधा नोव्हेंबर ते मार्चमध्ये निघतात, तर कोरड्या उन्हाळ्यात पाणी वाचवण्यासाठी लॉकच्या वेळा कमी केल्या जातात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि नंतर रोज सकाळी या सूचना पाहाव्यात.*

टप्पा ३ : बोट ताब्यात घेताना

बोट देणारा माणूस तासाभरात सगळे समजावून सांगतो आणि त्यातले निम्मे ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून जाते. एकाने ऐकावे, दुसऱ्याने लिहावे आणि तिसऱ्याने सामान मोजावे. विंडलास, म्हणजे लॉकमधले पाणी सोडणारी-अडवणारी पॅडल फिरवायची लोखंडी मूठ, किमान दोन असाव्यात, कारण एक पाण्यात पडतेच. लोखंडी खुंट्या, हातोडा, काठाच्या लोखंडी पट्टीत अडकवायचे आकडे, पाण्याच्या नळांच्या आणि स्वच्छतागृहांच्या कुलपांसाठी ट्रस्टची किल्ली, माणशी एक विजेरी, मुलांसाठी मापाची जीवरक्षक जाकिटे, तरंगणारी किल्लीची साखळी आणि साबण हे सगळे हातात घेऊन मोजावे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चाचणीचे बटण दाबून वाजवून पाहावा. एका वेळच्या जेवणाची शिदोरी रोज राखीव ठेवावी. मेतकूट-भात यासाठी उत्तम, कारण त्याला फक्त एक शेगडी आणि पंधरा मिनिटे लागतात.

टप्पा ४ : वाटेवरची शिस्त

समोरून बोट आली की उजवीकडे व्हावे. टिलर ज्या बाजूला ढकलाल त्याच्या विरुद्ध बाजूला नाक वळते, आणि बोट मधोमध फिरते, त्यामुळे नाक वळवताना शेपूट दुसऱ्या काठाला लागत नाही ना ते पाहावे. पहिल्या तासात सगळेच काठाला आदळतात. त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

या मार्गावर दोन मोठे बोगदे आहेत. स्टोक ब्रूर्नजवळचा ब्लिसवर्थ ३,०७६ यार्डांचा आणि ब्रॉनस्टनचा २,०४२ यार्डांचा. दोन्हींत समोरासमोर आलेल्या नॅरोबोटी एकमेकींना ओलांडू शकतात. आत शिरण्यापूर्वी पुढचा दिवा आणि केबिनमधले दिवे लावावेत, रेनकोट घालावा, कारण हवेच्या झरोक्यांतून डोक्यावर पाण्याची धार पडते, आणि सर्वांना आत किंवा मागच्या डेकवर घ्यावे. कुणीही छतावर बसू नये. दुरून दिसणारा दिवा आपल्याकडे येतो आहे की पुढे चालला आहे हे अंधारात लवकर कळत नाही. शंका येताच वेग कमी करावा. ब्लिसवर्थला पस्तीस-चाळीस मिनिटे लागतात.

बकबी आणि ब्रॉनस्टनची लॉक रुंद असून त्यांत दोन नॅरोबोटी शेजारी शेजारी मावतात. मागून बोट येत असेल तर थांबून तिच्याबरोबर जावे. पाणी निम्मे लागते, हात दुप्पट होतात आणि पुढच्या पबमध्ये आज जेवण आहे की नाही ही ताजी खबरही मिळते.

लॉक चढताना आधी जमिनीतली पॅडल हळूहळू उघडावीत आणि पाणी बऱ्यापैकी चढल्यावर मगच दरवाजातली. हा क्रम चुकला तर दरवाजातून सुटलेला लोंढा बोटीच्या नाकावर कोसळतो. उतरताना धोका वेगळा असतो. वरच्या दरवाजाच्या पायाशी पाण्याखाली दगडी उंबरठा असतो आणि पाणी उतरले की तो उघडा पडतो. बोटीचे शेपूट त्यावर अडकले तर नाक खाली जाते आणि बोट बुडते. काठावर त्या उंबरठ्याची पांढरी खूण असते. बोट तिच्या बरीच पुढे, पण खालच्या दरवाजाला न टेकता ठेवावी. उतरताना दोर कुठेही पक्का बांधू नये.

हे विशेष करून ‘ॲडमिरल नेल्सन’साठी लिहिले आहे. पब लॉकला खेटून आहे, बाहेरच्या बाकांवर पेले घेतलेली माणसे आपल्याकडेच पाहत असतात, आणि टिलरवरचा माणूस नेमका त्याच वेळी त्यांच्याकडे पाहून हात हलवतो. अशा बघ्यांना कालव्यावर ‘गाँगूझलर’ म्हणतात. नजर पांढऱ्या खुणेवर ठेवावी आणि हात नंतर हलवावा.

*सावधान : पॅडल खाली घेताना विंडलासने फिरवूनच घ्यावे आणि काम झाले की विंडलास लगेच काढून घ्यावी. पॅडल धरून ठेवणारी खिटी सुटली तर तिथेच अडकलेली मूठ गरगर फिरते आणि मनगट मोडते.*

टप्पा ५ : बोट बांधणे

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, कारण पब समोर दिसू लागलेला असतो.

पहिले काम पाट्या वाचण्याचे. ‘व्हिजिटर मूरिंग’च्या, म्हणजे फिरत्या बोटींनी थोडा काळ थांबायच्या जागेच्या, पाटीवर २४ तास, ४८ तास किंवा आणखी काही मुदत लिहिलेली असते. ती पाळावी. लॉकच्या आधी आणि नंतर चढण्या-उतरण्यासाठी राखलेला काठ, पाण्याचा नळ, पुलाखालची अरुंद जागा, वळण आणि विंडिंग होल यांपैकी कुठेही, ‘दहाच मिनिटे’ म्हणूनसुद्धा, बोट ठेवू नये. पबची स्वतःची जागा असेल तर ती गिऱ्हाइकांसाठी असते. आधी एकाने जाऊन विचारावे आणि मग दोर टाकावा.

दुसरे काम काठाला लागण्याचे. बोट अगदी मंद करून नाक काठाकडे तिरके आणावे आणि काठ हाताशी आला की इंजिन उलटे फिरवून थांबवावी. माणसाने मधल्या भागातून, हातात मधला दोर घेऊन, पाऊल टाकून उतरावे. उडी मारू नये. बोट आणि काठ यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीही घालू नये. ५७ फुटी पोलादी बोटीचे वजन १५ टनांच्या आसपास असते आणि ती माणसाच्या जोराने थांबत नाही.

तिसरे काम दोरांचे. काठाला लोखंडी पट्टी असेल तर आकडे वापरावेत. ते पक्के असतात आणि कुणाच्या पायातही येत नाहीत. पट्टी नसेल तर बोटीच्या नाकाच्या थोडे पुढे आणि शेपटाच्या थोडे मागे एकेक खुंटी, वरचे टोक बोटीपासून दूर कलते ठेवून, दोन-तृतीयांश जमिनीत जाईल इतकी ठोकावी. दोर खुंटीभोवतून फिरवून परत बोटीवर आणावा आणि गाठ बोटीवरच मारावी, म्हणजे सकाळी सोडणे सोपे जाते. दोन्ही दोर सारखे ताठ असावेत. ते ढिले राहिले तर प्रत्येक येणारी-जाणारी बोट आपल्या बोटीला पुढे-मागे हिसके देते आणि तासाभरात खुंटी उपटून येते. खुंटीच्या डोक्यावर पांढरी पिशवी बांधावी, कारण त्या वाटेने रात्री माणसे चालतात आणि सायकलीही जातात.

पहिल्या सफरीत मी घाईने मधला दोरही ताठ बांधून गेलो होतो. तो छताला जोडलेला असतो, त्यामुळे शेजारून बोट गेली की आपली बोट कुशीवर कलते. परत आलो तेव्हा ओट्यावरचे लोणच्याचे बरणीभर तेल सतरंजीवर होते आणि तो वास बोट परत करेपर्यंत गेला नाही. मधला दोर थांबताना वापरावा आणि बोट सोडून जाताना मोकळा करावा.

*तपासणी : पबकडे निघण्यापूर्वी एक बोट जाऊ द्यावी आणि आपली बोट किती हलते ते उभे राहून पाहावे. वीतभर हलली तर ठीक. हातभर हलली तर दोर पुन्हा बांधावेत.*

टप्पा ६ : पबपूर्वीची कामे

काठाला बांधलेल्या बोटीचे इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत चालवायचे नसते. तेव्हा बॅटऱ्या चार्ज करणे, अंघोळीचे पाणी तापवणे हे सगळे पबला जाण्यापूर्वीच उरकावे. जेवून आल्यावर, दहा वाजता, ते करता येत नाही. शेगडी बंद करावी. कोळशाची किंवा लाकडाची भट्टी पेटती असेल तर तिचे दार नीट लावावे आणि हवेचे झरोके उघडे आहेत ना ते पाहावे. थंडी वाजते म्हणून ते कागदाने बुजवू नयेत.

यानंतर साबणाने हात धुवावेत. मुंबईत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ज्या लेप्टोची भीती घातली जाते, तोच आजार उंदरांच्या मूत्रातून कालव्याच्या पाण्यातही येऊ शकतो. दिवसभर ओले दोर ओढलेल्या हातांनी चिप्स खाऊ नयेत. हाताला खरचटले असेल तर पट्टी लावावी.

मद्याचा नियम मी माझ्या बोटीपुरता साधा ठेवला आहे. दिवसाचे शेवटचे लॉक झाले, दोर बांधले आणि किल्ली इंजिनमधून काढली की मगच पहिला घोट. दुपारच्या पबमध्ये चहा घ्यावा. तोही चांगला मिळतो.

टप्पा ७ : पबमध्ये

विंडलास कमरेला अडकवून आत जाऊ नये. ती लाकडी बाकाला ओरखडे काढते. चिखलाचे बूट असतील तर गालिचा नसलेल्या, फरशीच्या खोलीत बसावे.

टेबलाशी बसून वाट पाहणे ही आपल्या मंडळींची नेहमीची चूक. बहुतेक पबमध्ये कुणी विचारायला येत नाही. मोकळे टेबल शोधावे, त्यावरचा क्रमांक लक्षात ठेवावा, काउंटरवर जाऊन पेय आणि जेवण सांगावे आणि पैसे तिथेच द्यावेत. काउंटरपाशी रांग दिसत नसली तरी ती असते. आपल्या आधी कोण उभे होते हे लक्षात ठेवावे, आणि चुकून आपल्याला आधी विचारले तर त्या माणसाकडे बोट दाखवावे. एवढ्याने संध्याकाळभर लोक आपल्याशी बोलतात. काउंटरवर टीप द्यावी लागत नाही.

पिंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. नवख्याने अर्धी पिंट मागावी. हातपंपाने ओढलेली पिंपातली बिअर तळघराच्या तापमानाला, ११ ते १३ अंशांना देतात. ती बर्फासारखी थंड नसते आणि तशी नसणे हा बिघाड नव्हे. आंबट लागली तर मात्र सौम्य शब्दांत सांगावे, ते बदलून देतात. मद्य विकत घ्यायला वय १८ पूर्ण हवे. वयाने तरुण दिसणाऱ्यांनी ओळखपत्र बरोबर ठेवावे.

शाकाहारी वाचकांसाठी थोडे थांबून सांगतो, कारण हे कुणी आपणहून सांगत नाही. पिंपातली पारंपरिक बिअर नितळ करण्यासाठी बऱ्याचदा माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. हा पदार्थ न घातलेली बिअर हवी असेल तर ‘अनफाइन्ड’ आहे का, असे विचारावे. ती किंचित गढूळ दिसते. चिप्स काही ठिकाणी गाईच्या चरबीत तळतात, तर काही ठिकाणी मासे तळलेल्याच तेलात. यॉर्कशर पुडिंगलाही चरबी असू शकते. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही हा मासा असतो, त्यामुळे चीज-टोस्टसारख्या निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थाचीही चौकशी करावी. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ एवढाच प्रश्न अपुरा पडतो. ‘कशात तळता?’ हा नेमका प्रश्न विचारावा.

‘बोट इन’ १८७७ पासून एकाच घराण्याकडे आहे, आणि तिथे या भागातला टेबलावरचा स्किटल्सचा खेळ आहे. उंच टेबलावर नऊ बुटकी लाकडी खुंटे उभी करतात आणि लांबून तीन जाड चकत्या फेकून ती पाडतात. या चकत्यांना ‘चीज’ म्हणतात. खेळायचे असेल तर काउंटरवर विचारावे, स्थानिक संघाचा सामना असेल तर बाजूला व्हावे, आणि चकती खांद्यावरून न फेकता खालून, सपाट फेकावी. पहिली चकती बहुधा खुंटांवरून जाऊन मागच्या गादीवर आदळते.

बोटीवरचा कचरा पबच्या डब्यात टाकू नये आणि बोटीच्या शौचकूपाची पेटी पबच्या स्वच्छतागृहात कधीही रिकामी करू नये. दोन्हींसाठी ट्रस्टची ठिकाणे ठरलेली आहेत. ज्या पबसमोर आता ‘बोटींना मनाई’ अशी पाटी दिसते, तिच्यामागे अशी एखादी पेटी असावी असा मला दाट संशय आहे.

टप्पा ८ : रात्री परत येताना

कालव्याकाठच्या वाटेवर दिवे नसतात. एकामागे एक, पाण्यापासून दूरच्या बाजूने, प्रत्येकाने स्वतःची विजेरी घेऊन चालावे आणि मुलांना पबच्या दारातच जाकिटे घालावीत. लॉकच्या दरवाजावरून पलीकडे जाण्याचा मोह टाळावा, मग पूल पाव मैल दूर असला तरी चालेल. कालवा बहुतेक ठिकाणी कमरेइतका असतो आणि पडलेल्याने उभे राहिले तर तो वाचतो. लॉकची कोठी मात्र खोल असते आणि तिच्या भिंतींना शेवाळ असते. पाणी उन्हाळ्यातही इतके गार असते की पडल्याबरोबर श्वास अडकतो.

बोटीवर चढताना एक हात छताच्या कडेवर ठेवून मगच पाऊल टाकावे. सर्वजण आत आल्यावर माणसे मोजावीत आणि दोर पुन्हा एकदा हाताने ओढून पाहावेत.

मदत लागली तर ९९९ वर फोन करून जवळच्या पुलाचा क्रमांक आणि कालव्याचे नाव सांगावे.

टप्पा ९ : सकाळी निघणे, आणि हॉक्सबरीचे वळण

बोटीला पुढे ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याला काही अडकले असेल तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात घालून मगच मागच्या झडपेतून हात घालावा. झडपेचे झाकण घट्ट बसवल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, नाहीतर पंख्याने उडवलेले पाणी थेट बोटीत भरते. रात्रीचे मद्य उतरले नसेल तर दुसऱ्याने टिलर धरावा किंवा सर्वांनी दहापर्यंत थांबावे. पाटीवरची मुदत संपत असेल तर जागा सोडावी.

‘ग्रेहाउंड’साठी मात्र पोहोचण्याची रीतच थोडी वेगळी ठेवावी. ऑक्सफर्ड कालवा इथे जेमतेम अर्धा-एक फूट पातळी बदलणाऱ्या स्टॉप लॉकमधून पुलाखालून कॉव्हेंट्री कालव्याला मिळतो, आणि ननीटनच्या दिशेने जाणाऱ्या बोटीला तिथे जवळजवळ उलटे वळावे लागते. पब बरोबर समोर आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी बाकांवरची सगळी मंडळी पेले हातात घेऊन, पुढची बोट काठाला कधी आदळते याची वाट पाहत असतात. नवख्यांनी दिवसाच्या शेवटी, थकलेल्या अवस्थेत, हे वळण घेऊ नये. स्टॉप लॉकच्या अलीकडेच मोकळी जागा मिळाली तर तिथेच बोट बांधावी, चालत पबमध्ये जावे, पाण्याकडे तोंड असलेले बाक धरावे आणि जाणकार बोटवाले काय करतात ते पाहावे. ते पुलाखालून जवळजवळ थांबलेल्या बोटीने बाहेर येतात, आधी टिलर पूर्ण बाजूला दाबतात आणि मगच इंजिनला क्षणभर जोर देतात, म्हणजे बोट पुढे न जाता जागेवर फिरते. नाक समोरच्या काठाजवळ आले की जोर काढतात, थोडे मागे घेतात आणि पुन्हा तेच करतात.

आपले वळण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घ्यावे. तेव्हा बाके रिकामी असतात.